खून कोणी केला, हे सगळ्यात शेवटी विचारा

मथळ्यात ‘मानवत’ नाहीतर ‘दौलताबाद’ घाला, खाली ‘न उलगडलेलं रहस्य’ लिहा, व्हिडिओ चाललाच म्हणून समजा. लोकांना असलं ऐकायला आवडतं आणि त्यात वावगं काही नाही, पारावर पिढ्यान्‌पिढ्या हेच चालत आलंय. तक्रार एवढीच की नेमकं काय उलगडलं नाही, हे कोणी सांगत नाही. मारेकरीच माहीत नाही, ही एक गोष्ट. मारेकरी सापडले, पण त्यांच्यामागे कोण होतं ते कोर्टात सिद्ध झालं नाही, ही दुसरी. दिवस, जागा, मारवणारा सगळं ठाऊक आणि कारण तेवढं वादात, ही तिसरी. लंडनचा 1888 चा जॅक द रिपर पहिल्या खात्यात, परभणी जिल्ह्यातल्या मानवतचे 1972-74 चे खून दुसऱ्यात, दौलताबादेत मारले गेलेले जिजाबाईंचे वडील लखुजी जाधवराव तिसऱ्यात. आपण तिन्ही एकाच पातेल्यात टाकतो.

लखुजीरावांचं बघू. जुन्या खुनात पहिलं काम तारीख पक्की करायचं. दौलताबादेत निजामशाही दरबारात लखुजी, त्यांचे मुलगे अचलोजी आणि रघोजी, नातू यशवंतराव हे मारले गेले ते शके 1551 च्या श्रावण पौर्णिमेला. शकात 78 मिळवले की 1629. जानेवारी लागला की 79 मिळवायचे. शिवजन्म त्याच शके 1551 च्या फाल्गुनातला, म्हणून तो 1630 मध्ये येतो. आता पुस्तकात खुनाची तारीख 25 जुलै सापडते आणि पंचांगाच्या अ‍ॅपवर ती पौर्णिमा 4 ऑगस्टला दिसते. लगेच पोस्ट पडते, ‘खरी तारीख लपवली!’ लपवली कोणीच नाही. 25 जुलै जुन्या जुलियन पद्धतीची, 4 ऑगस्ट आजच्या ग्रेगरियनची; त्या शतकात दोन्हींत 10 दिवसांचा फरक आहे. चंद्राच्या कला दाखवणारं कुठलंही अ‍ॅप 4 ऑगस्ट 1629 वर नेऊन बघा, पूर्ण चंद्र दिसेल.

जुन्या मराठी कागदांत सुहूर सन, म्हणजे दक्षिणेतली जुनी कालगणना, येतो, तोही आकड्यात नाही, अरबी शब्दांत. ‘सलासीन व अलफ’ म्हणजे 1030. हे वर्ष मृगाला बदलतं. मृगापासून डिसेंबरअखेर 599 मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत 600. श्रावणातल्या घटनेला सवयीने 600 मिळवले की खून 1630 मध्ये जातो, म्हणजे शिवाजी हा नातू जन्मल्यावर आजोबा मारले गेले असं होतं, आणि त्यावर रचलेली सगळी कारणमीमांसा उलटी फिरते.

तारीख झाली की मेलेल्यांची यादी. खंडागळ्यांच्या हत्तीवरून जाधव-भोसल्यांत तलवारी निघाल्या, ती हकिगत या खुनाला जोडून सांगायची फार हौस असते. पण त्या दंग्यात मेले ते दत्ताजी जाधव आणि संभाजी भोसले. दौलताबादच्या दरबारात मेलेल्यांत ही दोन्ही नावं नाहीत. प्रसंगच वेगळा. मग हे सगळं लिहिलंय कोणी ते बघायचं. ‘शिवभारत’ हे संस्कृत काव्य शिवाजी महाराजांच्या हयातीतलं, म्हणजे या घटनांनंतर काही दशकांचं. ‘बादशाहनामा’ हा इतिहास मोगल बादशहा शाहजहानच्या दरबारातला. लखुजी मधल्या काळात मोगलांकडे जाऊन परत निजामशाहीत आलेले, तेव्हा ते लिहिणारा कोणाच्या बाजूचा हे उघडच आहे. पुन्हा फितूर होतील या भीतीने निजामशहाने काटा काढला, हे कारण मला पटतं. पण पटणं आणि सिद्ध होणं यात फरक आहे, आणि व्हिडिओवाले तोच गिळतात.

आता मानवत. दुष्काळाचे दिवस. नोव्हेंबर 1972 ते जानेवारी 1974 या काळात दहा खून. पाच मुली दहाएक वर्षांच्या, एक दीड वर्षाची, चार बायका. गुप्तधन, पिंपळ, मांत्रिक हे सगळ्यांना पाठ असतं, या दहाजणी कोण होत्या ते कोणाला सांगता येत नाही. तपास मुंबई गुन्हे शाखेचे रमाकांत कुलकर्णी यांच्याकडे आला, खटला उभा राहिला, 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला: दगडू विरुद्ध महाराष्ट्र राज्य. प्रत्यक्ष खून केल्याबद्दल फाशीच्या शिक्षा कायम झाल्या. कटाचा मुख्य आरोप ज्या दोघांवर होता ते उच्च न्यायालयातच निर्दोष सुटले होते, तेही कायम राहिलं. तेव्हापासून ‘पैसा चालला’, ‘वरून दबाव आला’ सुरू आहे.

गाडं अडलं होतं माफीच्या साक्षीदारावर, म्हणजे माफीच्या बदल्यात बाकीच्यांविरुद्ध साक्ष देणाऱ्या साथीदारावर. जुन्या पुरावा कायद्याचं कलम 133 म्हणायचं, गुन्ह्यातल्या साथीदाराच्या साक्षीवर शिक्षा दिली तरी ती बेकायदा नाही. कलम 114 च्या ‘ब’ उदाहरणात म्हटलेलं, महत्त्वाच्या तपशिलांना दुजोरा नसेल तर असा साक्षीदार विश्वासाला पात्र नाही असं कोर्ट धरू शकतं. दोन्ही एकत्र वाचायची. दुजोरा कशाला लागतो हेच लोकांना कळत नाही. समजा साक्षीदार म्हणाला, अमक्या बांधावर मारलं, कुऱ्हाड विहिरीत टाकली, मारायला तमक्याने सांगितलं. बांधावर रक्त सापडलं, विहिरीत कुऱ्हाड सापडली. झालं सिद्ध? छे. तो स्वतः तिथं होता, म्हणून त्याला बांध आणि विहीर माहीत असणारच. ‘तमक्या’च्या जागी दुसरं नाव घेतलं असतं तरी कुऱ्हाड त्याच विहिरीत सापडली असती. म्हणून प्रत्येक आरोपीपुरता वेगळा दुजोरा लागतो, गुन्हा घडल्याचा नव्हे, तो आरोपी त्यात असल्याचा. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या साक्ष अधिनियमात, कलम 138 मध्ये, ‘दुजोरा मिळालेली’ साक्ष असा शब्दच घातला आहे.

निकालपत्र वाचायचं तर कोरा कागद घ्या, आरोपी क्रमांकासमोर नाव लिहा. पानोपानी ‘आरोपी क्र. 3’, ‘आरोपी क्र. 9’ असंच येतं, दहाव्या पानावर गोंधळ होतो आणि भलत्याच्या नावावर भलतं खपतं. प्रत्येकापुढे तीन रकाने करा: सत्र न्यायालय, उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय.

‘तेव्हा डीएनए असता तर’ हाही आवडता डायलॉग. गुन्ह्याच्या तपासात डीएनए वापरायला सुरुवातच 1986 मध्ये इंग्लंडात झाली. 1973 मध्ये रक्तगट होता, आणि रक्तगट माणूस वगळायला चालतो, ओळखायला नाही. त्यातही ओले कपडे तसेच गुंडाळले की बुरशी धरते आणि डाग वाया जातो. सावलीत वाळवून कागदात बांधावे लागतात. रिपरच्या एका बळीजवळची म्हणून सांगितली जाते त्या शालीचंही तसंच. तिच्यावरचा मायटोकॉन्ड्रियल डीएनए आईकडून येतो, एकच नमुना कितीतरी लोकांत सारखा असतो, आणि शाल 1888 पासून कोणाकोणाच्या हातातून गेली याची साखळीच तुटलेली.

खाली कमेंटमध्ये ‘मग तुमच्या मते खरा सूत्रधार कोण’ असं विचारणारे येतील. मानवतबद्दल नावं लिहाल तर कमेंट काढून टाकीन. कोर्टाने निर्दोष सोडलेल्यांचीही नातवंडं असतात, आणि फेसबुक तीही बघतात.