लवणासुराची बाजू घ्यायला शिका

लोणारला येताय? या. पण सरोवराच्या काठावर उभं राहिल्या राहिल्या 'उल्कापात' म्हणू नका. उल्का आमच्या गावची नव्हे. न सांगता बाहेरून आली, बेसॉल्टच्या खडकात जवळपास १.८ किलोमीटर रुंदीचं विवर पाडलं आणि स्वतः गायब झाली. असल्या पाहुण्याचं कौतुक आम्ही का करावं?

लवणासुर मात्र इथलाच. जमिनीखाली गुपचूप राहायचा. विष्णूंनी देखण्या तरुणाचं रूप घेतलं, असुराच्या बहिणी भुलल्या आणि त्यांनी भावाच्या लपायच्या जागेचा पत्ता सांगून टाकला. (घरभेदी माणूस घरातच असतो, हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही.) विष्णूंच्या पायाच्या अंगठ्याचा धक्का बसला, बिळाचं झाकण उडालं ते थेट धाकेफळजवळ जाऊन पडलं. तिथली टेकडी म्हणजेच ते झाकण. अंतर किती, वजन किती, असले प्रश्न विचारू नका. झाकण दाखवता येतं. उल्केचा धोंडा दाखवा म्हटलं की शास्त्रज्ञ 'मॅस्केलिनाइट' म्हणतात. म्हणजे प्रचंड दाबानं खनिजाची झालेली काच. ते १९७३ साली छापूनही आलं, पण काचेला नवस बोलता येत नाही.

विवराचं वय मात्र जरूर विचारा. एका पद्धतीनं सुमारे ५२ हजार वर्षं, दुसरीनं ५ लाख ७० हजार. एवढी तफावत भावकीच्या सातबाऱ्यातही निघत नाही.

कुणी सांगेल, सरोवराचा 'शोध' १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं लावला. मान डोलवा. त्याच्या कितीतरी शतकं आधी गावात दैत्यसूदनाचं देऊळ उभं राहिलं, दैत्य मारल्याची आठवण म्हणून; ते बांधणाऱ्यांना शेजारचं एवढं मोठं तळं दिसलं नसावं. 'ऐन-ए-अकबरी'त उल्लेख आहे तोही बहुधा अंदाजानंच केला असेल.

आता जून २०२०. सरोवराचं पाणी अचानक गुलाबी झालं. पाणी म्हणजे असुराचं रक्त आणि खार म्हणजे त्याचं मांस, हे आजीनं सांगितलंच होतं, त्यामुळे गावाला फारसं आश्चर्य वाटलं नाही. नमुने पुण्याच्या आघारकर संस्थेत गेले. निष्कर्ष आला : पाणी आटलं, खारटपणा वाढला आणि हॅलोआर्किया नावाचे मीठप्रेमी सूक्ष्मजीव माजले, त्यांचा हा रंग. पुढं पाऊस पडला, पाणी पातळ झालं, जीव तळाशी गेले आणि रंगही गेला. त्याच वर्षी सरोवर रामसर यादीतही, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलं.

तेव्हा कुणी तुमच्यासमोर हॅलोआर्किया म्हणून दंतकथा खोडायला लागलं, तर अजिबात वाद घालू नका. शांतपणे ऐका. मिठावर जगतात, विवरात दडून बसतात, पाऊस रुसला की वर येऊन पाणी लाल करतात. ऐकून झालं की एवढंच विचारा : घराणं कुठलं म्हणालात?