पेटीसोबत फोटो काढलात, पिलावा कुणी बघितला?

लिहिणार नव्हते. पण दुपारपासून डोकं सणकलंय आणि घरातले माझं ऐकून कंटाळलेत, तेव्हा आता तुम्ही ऐका.

बेळगाव जिल्ह्यात जांबोटीच्या अलीकडं आमच्या गावात मागच्या महिन्यात मधपेट्यांचं वाटप झालं. मंडप, शाली, भाषणं, पेटीलासुद्धा झेंडूची माळ. फोटो तुम्ही बघितलाय, निम्म्या लोकांनी बदाम टाकलाय. त्यातली एक पेटी माझ्या चुलतभावाच्या पोराला मिळाली. आज त्याचा फोन, "आत्ती, माश्या कमी व्हायल्यात, येऊन बघ की जरा." गेले. झाकण काढलं, पिलाव्याची (म्हणजे माश्यांची अंडी-अळ्या असलेल्या पोळ्याची) चौकट वर उचलली आणि पोटात गोळाच आला. घरांची टोपणं जागोजागी कुरतडलेली, आत अळ्या पाठीवर लांब ताणून पडलेल्या, डोक्याचं टोक वर. चिमट्यानं एक उचलली तर नुसती कातडीची पिशवी, आत पाणी. थाई सॅकब्रूड, अळ्या मारणारा विषाणूचा रोग. मला कुठल्या प्रयोगशाळेची चिठ्ठी नको. हे मी लहानपणी आमच्या परड्यात बघितलंय.

१९९१-९२ ला हा विषाणू दक्षिणेत शिरला. कोडगूसारखा मधासाठी ओळखला जाणारा मुलूख बसला. दक्षिण भारतातल्या सातेरीच्या, म्हणजे आपल्या देशी पाळीव मधमाशीच्या, ९० टक्क्यांहून जास्त वसाहती गेल्या. आमच्याकडं तेव्हा त्याचं नावसुद्धा कुणाला माहीत नव्हतं. आमचे वडील, आप्पा, सकाळी उठून पेट्यांपुढं पडलेल्या पिवळट अळ्या केरसुणीनं गोळा करायचे आणि कोंबड्या त्यांच्या मागं मागं. आप्पांना वाटलं, शेजारच्यांनी काजूवर मारलेलं औषध बाधलं. जाऊन भांडले. दोन घरांचं बोलणं कित्येक वर्षं बंद होतं.

आता लगेच कमेंटमध्ये येईल, "ताई, फवारणीनंच माश्या मरतात." मरतात हो, कोण नाही म्हणतंय? पण फवारणीनं मोठ्या माश्यांचा पेटीपुढं एकाएकी सडा पडतो. इथं मोठ्या माश्या बऱ्या दिसतात आणि पिल्लं मरतात. एवढा फरक आप्पांना कुणी सांगितला असता तर ते भांडण झालं नसतं. (मोबाईल टॉवरमुळं माश्या मरतात म्हणणाऱ्यांनी आजच्या दिवस मला माफ करावं.)

पोरानं माझ्यासमोरच पेटी देणाऱ्यांना फोन लावला. उत्तर काय, तर टेट्रासायक्लिनची पावडर साखरेच्या पाण्यातून द्या. अहो, विषाणू आहे हा! अँटिबायोटिकनं त्याचं काय वाकडं होणार? पण मधात ते औषध मात्र उतरणार. २०१० मध्ये युरोपनं भारतातला मध घेणं बंद केलं होतं, त्यामागं असल्या औषधांचे अंश हेही एक कारण होतं. वसाहती कुठून आणल्या म्हणून विचारलं तर "खालनं आणल्यात". खालनं म्हणजे कुठनं? कुठलं गाव? कुणाच्या पेट्या? देण्याआधी एक तरी चौकट कुणी उन्हात धरून बघितली का? फोन कट.

सोबत एक कागद दिलाय, तो सगळा कानडीत. मी वाचते, पण वर कणकुंबीकडच्या म्हाताऱ्यांनी काय करायचं? आणि वाचला तरी त्यात पिलावा कसा बघायचा यावर एक ओळ नाही. मध कधी काढायचा ते मात्र आहे.

योजनांमुळं चार पोरं या कामाकडं वळली, हे कबूल. पेटी फुकट मिळाली नसती तर माझ्या भाच्यानंही हात घातला नसता. बरं, झालं कबूल करून. पण रोगी वसाहत वाटणं म्हणजे देवी आलेल्या पोराचं अंथरूण शेजाऱ्याला देण्यासारखं आहे. ही एक पेटी नुसती त्याची नाही. ती कमजोर झाली की आजूबाजूच्या माश्या तिचा मध लुटायला येतात आणि रोग घरी नेतात. झाडाच्या ढोलीतली रानातली सातेरीसुद्धा त्यातनं सुटत नाही.

सगळ्यात वाईट वाटतं ते दाई माश्यांचं. कोवळ्या वयाच्या या माश्यांचं काम घरं साफ करायचं आणि अळ्यांना भरवायचं. मेलेली अळी त्या तोंडानं ओढून काढतात, तिथंच विषाणू त्यांच्या अंगात जातो, दूध करणाऱ्या ग्रंथींत साठतो, आणि मग त्याच तोंडानं त्या पुढच्या अळीला भरवतात. काय करणार बिचाऱ्या, काम चोख करतात म्हणूनच रोग पसरतो.

आप्पांच्या पेट्या एकामागून एक रिकाम्या झाल्या. उरलेल्या पोळ्यांत मेणकिडा पडला. आईनं पेट्यांत करवंट्या भरून ठेवल्या. पुष्कळ वर्षांनी पावसाच्या तोंडावर त्यातल्याच एका पेटीत एक मोहोळ आपणहून येऊन बसलं. आप्पांनी त्या वर्षी आम्हाला झाकणाला हात लावू दिला नाही, मधाचं नाव काढू दिलं नाही. रानात जी वाचली होती, तग धरून होती, त्यांची ती अवलाद. आज आमच्याकडं ज्या पेट्या आहेत त्या बहुतेक तिथूनच वाढलेल्या, आणि आप्पा वसाहत द्यायचे तर आमच्या पंचक्रोशीतच. म्हणून मला राग येतो. जंगलानं स्वतः निवडून दिलेली माशी इथं असताना तुम्ही ट्रकमधनं कुठलीतरी आणून तिच्यात सोडता!

बाकी रोगही आहेत. युरोपियन फाउलब्रूडमध्ये टोपण बसायच्या आधीच अळी वेडीवाकडी होऊन मरते, आंबूस वास येतो. अमेरिकनमध्ये टोपणाखाली मरते, काडी घालून ओढली तर तार निघते, आणि त्याचे बीजाणू पेटीच्या लाकडात अनेक दशकं टिकतात, म्हणून चौकटी जाळाव्याच लागतात. व्हरोवा गोचीड आपली सातेरी बऱ्यापैकी आवरते, मेलिफेराला, म्हणजे परदेशी पाळीव माशीला, ते जमत नाही. हे सगळं पाठ करायला नको. पण आठवड्याला एकदा पिलावा बघायला काय जातं?

आज आम्ही राणीला पिंजऱ्यात टाकलं, म्हणजे थोडे दिवस नवी अंडी नाहीत, विषाणूला अळी नाही. खराब पोळी परड्यात खड्डा करून जाळली. पोरगं गप्पच होतं. काजूला मोहर आलाय, पुढं जांभूळ फुलेल, त्यानं मधाच्या बाटल्यांवर लावायचं लेबलसुद्धा मोबाईलवर करून ठेवलंय. मला दाखवलं. छान केलंय हो. वसाहत वाचेल का सांगता येत नाही. नाही वाचली तर आमच्यातली एक देणार आहे, पण त्याची पेटी उकळत्या सोड्यानं धुतल्यावरच.

त्या दिवशी ज्यांनी पेट्या घेतल्या त्यांनी उद्या सकाळी उन्हात चौकट बघा. पिशवीसारखी अळी दिसली तर त्या पेटीतली चौकट दुसऱ्या पेटीत टाकू नका, हत्यारं धुवा, आणि मला फोटो पाठवा. फोटो म्हणतेय मी. चौकट पिशवीत घालून माझ्या दारात आणू नका. संध्याकाळी एकजण तशीच घेऊन आला होता, मी त्याला गेटवरनंच परत पाठवला. राग आला असेल त्याला. येऊ दे.