तुमची लाइन कुठली?

घरोघरी चोराचे अलार्म बसवणं हा माझा धंदा, आणि ड्रिल मारा, वायर ओढा, दाराला मॅग्नेट चिकटवा, यात काही जीव जात नाही. जीव जातो तो एका प्रश्नात. तुमची लाइन कुठली?

हा प्रश्न ठाण्यात असा उघडा विचारायचा नसतो हे मला जरा उशिराच कळलं. कोपरीच्या वहिनी म्हणाल्या, सेंट्रल. नेरुळचे एक साहेब म्हणाले, माझी हार्बर, पण मिसेस ट्रान्स हार्बरने जातात, ऐरोलीला. मग आपण म्हणायचं "फोनची हो", की उत्तर तयार, "वायरवाली". अरे, वायर तर सगळ्यांचीच असते!

आमच्या पॅनेलला, म्हणजे अलार्मच्या मुख्य पेटीला मात्र फरक पडतो, कारण चोर शिरला की ते याच लाइनवरून फोन लावतं. जुन्या तांब्याच्या लाइनला एक्स्चेंजच्या बॅटरीतून ४८ व्होल्ट येतात, म्हणून घरात अंधार असला तरी फोन चालू. फायबरवाल्या लाइनला घरात एक पांढरी डबी असते, तिला मागे बॅटरी नसेल तर लाइट गेली की फोन मेला. म्हणजे चोराने मेन स्विच खाली केला तर पॅनेल स्वतःच्या बॅटरीवर टक्क जागं, पण तोंड दाबलेलं. आणि ऑफिसांमध्ये इंटरकॉमची तिसरीच तऱ्हा, बाहेर जायला आधी ० दाबावा लागतो. वाशीला एकदा मी तो ० टाकायलाच विसरलो, पॅनेलने सरळ पॅन्ट्रीत फोन लावला आणि तिथले मामा विचारत बसले, किती चहा?

म्हणून हल्ली मी फिरवून विचारतो, लाइट गेल्यावर फोन चालतो का? यावर "आमच्याकडे लाइट जात नाही" किंवा "लाइट गेली की आम्ही गॅलरीत बसतो". घ्या.

परवा नौपाड्यात एक काका भेटले. छाती काढून म्हणाले, "खरीखुरी लँडलाइन आहे, १९८८ची, सात वर्षं नंबर लावून मिळालीये." सॉकेटला मीटर लावलं तर ४७ पॉइंट काहीतरी. काकांचा चेहरा असा की बघ, म्हटलं नव्हतं! पण ती डबीसुद्धा साधारण तेवढेच व्होल्ट सोडते, मीटर काय सांगणार बिचारं. वायरच्या मागे निघालो. सॉकेटमधून शोकेस, शोकेसमागून टीव्ही, टीव्हीमागे कोळिष्टकं, आणि कोळिष्टकांत पांढरी डबी, हिरवा दिवा लुकलुकतोय. आतून काकू म्हणाल्या, "ते होय, ते मुलाने बसवलं गेल्या दिवाळीत, नंबर तोच ठेवलाय म्हणाला."

मी प्लग काढला आणि रिसीव्हर काकांच्या कानाला लावला.

काका बराच वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "एक्स्चेंज बंद असेल."

प्लग परत लावला, दोनेक मिनिटांनी टोन आला. "आलं बघा एक्स्चेंज." मी वाद घातला नाही, गिऱ्हाईक आहे, शिवाय चहा टाकला होता.

शेवटी सिमकार्डवालं पॅनेल लावलं. त्यात आपल्याच आवाजात निरोप भरून ठेवता येतो, तर काकांनी घसा खाकरून भरला, "आमच्या घरात चोर शिरलाय, ताबडतोब या." कुठले नंबर टाकायचे विचारलं तर पहिला मुलाचा म्हणाले, मी वायर गुंडाळत होतो, म्हटलं तुम्हीच दाबा आकडे, चष्मा आहे ना.

टेस्टिंगला दार उघडलं, सायरन ठणाणा, काकू कानात बोटं घालून उभ्या. बंद केला. तेवढ्यात शोकेसवरचा लँडलाइन खणखणला. काकांनी उचलला, ऐकलं, आणि रिसीव्हरवर हात ठेवून हळूच मला म्हणाले, "अहो, कुणाकडे तरी चोर शिरलाय."