तेबेस्साचा मॅक्सिमिलियन आणि माझे वडील

माझे वडील फौजेत होते आणि आमच्या घरी रोज रात्री बायबलवाचन व्हायचं. त्यामुळे ख्रिस्ती माणसाने शस्त्र धरावं का, हा प्रश्न मला लहानपणापासून छळतो.

परवा मंडळीत कुणी ठासून म्हणालं, पहिली तीनशे वर्षं एकही ख्रिस्ती सैन्यात नव्हता. हे खरं नाही. इ.स. १९७ च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतला ख्रिस्ती लेखक तेर्तुलियन रोमनांना सांगतो की तुमच्या छावण्यांतसुद्धा आम्ही आहोत. आणि हाच तेर्तुलियन पुढे लिहितो, अटकेच्या वेळी तलवार उपसणाऱ्या शिष्य पेत्राला निःशस्त्र करताना प्रभूने प्रत्येक सैनिकाचा कमरपट्टा सोडवला! म्हणजे वाद तेव्हापासूनच होता.

मला सर्वांत जवळचा वाटतो तो मॅक्सिमिलियन. १२ मार्च २९५, तेबेस्सा, आजचा अल्जीरिया. वय २१. भरतीसाठी उंची मोजली जात असताना तो म्हणतो, मी ख्रिस्ती आहे, मला सैनिक होता येत नाही. गळ्यात शिशाची मोहर, म्हणजे सैनिकाची खूण, घालून घ्यायला नकार देतो. प्रांताधिकारी दियोन त्याला समजावतो, अरे, खुद्द सम्राटांच्या पहाऱ्यावर ख्रिस्ती सैनिक आहेत. तो म्हणतो, त्यांचं ते जाणोत, मी वाईट करू शकत नाही. ते काय वाईट करतात, असं विचारल्यावर उत्तर येतं, ‘ते काय करतात ते तुम्हाला ठाऊक आहे.’

सैन्यात जायला त्या ख्रिस्ती लोकांचा विरोध फक्त तिथल्या मूर्तिपूजेमुळे होता, रक्तपातामुळे नव्हता, असं म्हणणाऱ्यांनी हे उत्तर पुन्हा वाचावं. दियोनने त्याला देवांपुढे धूप जाळायला सांगितल्याचं त्या वृत्तांतात कुठेच नाही.

त्याचा शिरच्छेद झाला. मग ३१२ मध्ये ख्रिस्ती धर्माला पाठिंबा देणारा रोमन सम्राट कॉन्स्टंटाईन जिंकला, आणि ३१४ च्या आर्लच्या धर्मसभेने ठरवलं की शांततेच्या काळात शस्त्र टाकणाऱ्याला प्रभुभोजनापासून दूर ठेवावं. या नियमाच्या अर्थावर अभ्यासकांत मतभेद आहेत, पण मला त्याचा त्रासच होतो. मॅक्सिमिलियननंतर अवघी एकोणीस वर्षं!

बापाने मॅक्सिमिलियनसाठी सैनिकाचा नवा पोशाख तयार ठेवला होता. मरताना मुलगा सांगतो, तो माझा शिरच्छेद करणाऱ्याला द्या. बाप देवाचे आभार मानत घरी जातो. इथे मी दर वेळी अडखळतो. माझे वडील लढाईवर होते, एवढंच आम्हाला माहीत. तिथे काय केलं, ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. वाचनात ‘शत्रूंवर प्रीती करा’ आलं की मात्र ते पुस्तक आईच्या हातात द्यायचे.