‘गिअरबॉक्स गेला’ म्हणण्याआधी

सोलापूरच्या गाडीवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्याचा गोषवारा असा: ‘ऑटोमॅटिक गाडी झटके देते, गिअर उशिरा पडतो, म्हणजे गिअरबॉक्स गेला. बॅटरीचं टर्मिनल अर्धा तास काढून ठेवा. चेक इंजिनचा दिवा परत लागलाच तर चारही प्लग बदला, गिअर ऑइल फ्लश करा (जुनं सगळं धुऊन काढा). मूळ दोष पेट्रोलमधल्या इथेनॉलचा.’ यातलं एकही वाक्य जसंच्या तसं पाळण्यासारखं नाही.

झटके आले म्हणजे गिअरबॉक्सच, हे कशावरून? गिअर कधी टाकायचा हे कंट्रोलर इंजिनकडून येणाऱ्या टॉर्कच्या (फिरवण्याच्या जोराच्या) आकड्यावर ठरवतो. इंजिन मिसिंग मारत असेल (सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नसेल, म्हणजेच मिसफायर) तर तो आकडाच भरवशाचा राहत नाही. मिसफायर दिसला की बऱ्याच गाड्या टॉर्क कन्व्हर्टरचं (इंजिनचा जोर ऑइलमधून गिअरबॉक्सला पोचवणाऱ्या भागाचं) लॉक-अप, म्हणजे थेट पकडही, सोडून देतात. म्हणून आधी इंजिन. गाडी ‘पी’मध्ये (पार्किंगमध्ये) उभी असतानाही थरथरते का, ते बघा. थरथरत असेल तर गिअरबॉक्सचा विषय तूर्त बाजूला ठेवा.

टर्मिनल काढण्याचा सल्ला तर नुकसानीचाच. कोड, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला दोषाचा क्रमांक, पुसला जातो आणि दोष आला त्या क्षणीचा वेग, आरपीएम, इंजिनचं तापमान ही नोंदही त्याबरोबर जाते. मेकॅनिकला नेमकी तीच हवी असते. गिअरबॉक्सने शिकून ठेवलेलं ॲडाप्टेशनही काही गाड्यांत पुसलं जातं, मग झटके चार दिवस आणखी वाढतात. आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर टर्मिनलला हात लावण्याआधी ॲक्सिलरेटर सोडा: न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो वितळवू शकतं.

‘चारही प्लग बदला’ इथे जरा थांबू. कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर पी०३०२ आला तर दोष दुसऱ्या सिलिंडरमध्ये आहे; पी०३०० म्हणजे मिसफायर एका सिलिंडरपुरता नाही. पी०३०२ असेल तर दोन नंबरची कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणारी) तीनवर आणि तीनची दोनवर बसवा, वाचून झालेला कोड पुसून गाडी चालवा. आता पी०३०३ आला तर कॉइल खराब. कोड दोनवरच राहिला तर प्लगची अदलाबदल, मग पेट्रोल फवारणारा इंजेक्टर, शेवटी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब). प्लग बाहेर काढला की पांढऱ्या चिनीमातीवर केसासारखी काळी रेघ दिसते का बघा. ठिणगी टोकावर न पडता बाजूने उतरल्याची ती खूण. तीच रेघ कॉइलच्या रबरी बुटातही उमटते. जुन्या बुटात नवा प्लग घातला तर मिसिंग परत येतं. प्लगच्या खड्ड्यात ऑइल साचलं असेल तर टॅपेट कव्हरच्या सीलही बदला, नाहीतर नवा बूटही फुगून जाईल.

गाडी सीएनजीवर मिसिंग मारते आणि पेट्रोलवर बरी चालते? तरीही आधी प्लग आणि कॉइलच बघा. सीएनजी पेटवायला जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे कॉइलचा अशक्तपणा तिथे आधी उघडा पडतो.

इथेनॉलवर राग काढायला उसाचा जिल्हा सोयीचा आहे खरा, पण टाकीतलं पेट्रोल चारही सिलिंडरना सारखंच जातं. एकटा दुसराच बंद पडत असेल तर दोष पेट्रोलचा नव्हे. जुन्या गाड्यांत इथेनॉलने रबरी पाइप, सील खराब होतात, टाकीत पाणी गेलं तर ते तळाशी वेगळं बसतं. या तक्रारी खऱ्या आहेत. त्यासाठी स्कॅनरवर लाँग टर्म फ्युएल ट्रिम (इंजिन ठरल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल जास्त-कमी घेतंय तो आकडा) बघा. आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, तो +१० टक्क्यांच्या वर आणि २५०० आरपीएमला खाली येत असेल तर इनटेकला कुठेतरी हवा लागतेय. लोडवर वाढत असेल तर फिल्टर किंवा पंप.

इंजिन निर्दोष ठरलं, तरच गिअरबॉक्स. टॉर्क कन्व्हर्टरची गाडी असेल तर पुणे हायवेवर मागे वाहन नाही हे बघून वरच्या गिअरमध्ये एकसारखा वेग धरा. थरथर सुरू झाली की ॲक्सिलरेटर तसाच ठेवून ब्रेकचा दिवा लागेल इतकाच डावा पाय टेकवा. लॉक-अप सुटतं, थरथर त्याच क्षणी थांबली तर संशय लॉक-अप क्लचवर किंवा ऑइलवर.

फ्लश सरसकट करू नका. एएमटीत (क्लच आणि गिअर ॲक्च्युएटर नावाचं यंत्र टाकतं अशा गाडीत) साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो. तिथे झटक्यांसाठी क्लच प्लेट आणि ॲक्च्युएटर तपासा, क्लच बदलला तर स्कॅनरने री-लर्न (नव्या क्लचची कॉम्प्युटरला ओळख) करून घ्या. सीव्हीटीत (बेल्टवर चालणाऱ्या गिअरबॉक्समध्ये) गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलंच ऑइल घाला, ‘सगळ्याला चालतं’ म्हणून दिलेल्या डब्याने बेल्ट घसरून गिअरबॉक्स खरोखरच जातो. टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत ड्रेन करून भरलं तर साधारण निम्म्याहून कमीच ऑइल बदलतं. लेव्हल मात्र कंपनीने सांगितलेल्या तापमानालाच बघायची. मे महिन्याच्या उन्हात तापलेल्या गाडीत कोणी अंदाजाने भरत असेल तर त्याला थांबवा.