पर्समधल्या पिस्तुलाचा तो मेसेज

गेल्या मंगळवारी रात्री साडेअकराला ताईचा फोन आला. "मेसेज पाहिलास का रे? मी यांना म्हटलं, ते धूड देऊन टाका आणि असलं छोटं घ्या. म्हणजे नाइट असेल तेव्हा पोरीच्या पर्समध्ये टाकता येईल."

पोरगी म्हणजे माझी भाची. परळला एका रुग्णालयात नर्स आहे. सेकंड शिफ्ट सुटली की शेवटच्या गाड्यांपैकी एखादी पकडून मुलुंडला येते. भावोजींची लालबागला सराफी पेढी आहे, त्यामुळे त्यांच्या नावावर .३२ बोअरच्या रिव्हॉल्वरचा परवाना आहे. म्हणजे ताई जे म्हणत होती ते ती दुसऱ्या दिवशी करू शकली असती. मी फोर्टातल्या बंदुकीच्या दुकानात २२ वर्षं काउंटरवर उभा राहिलोय. तो मेसेज वाचून माझं डोकं फिरलं.

मेसेजचं नाव ‘रोज जवळ बाळगायला पिस्तूल कसं निवडाल’. सांगतो काय, तर: पिस्तूल जितकं छोटं तितकं चांगलं. छोट्याला धक्का कमी, म्हणून बायकांना सोपं. आखूड नळी कपड्यांत लपते. पर्स ही सगळ्यात सुरक्षित जागा, गोळ्या भरूनच ठेवा. छोट्या गोळीने माणूस मरत नाही, नुसता जखमी होतो, त्यामुळे केस होत नाही. चालवायची वेळच येत नाही, नुसतं दाखवलं की पुरे. आणि घरात एकाच्या नावावर परवाना असला की घरच्या बायकांनाही चालतो. खाली अर्थातच, ‘प्रत्येक आई-बहिणीपर्यंत पोहोचवा’.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरू करतो, कारण त्यावर विश्वास ठेवला तर भाची तुरुंगात जाईल. परवाना माणसाच्या नावावर असतो, घराच्या नाही. रेशनकार्डासारखी त्यात बायको-मुलांची नावं नसतात. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ३ प्रमाणे ज्याच्याकडे शस्त्र आहे त्याच्या स्वतःच्या नावाचा परवाना लागतो. भावोजींचं रिव्हॉल्वर तिच्या पर्समध्ये सापडलं तर ते तिच्याजवळचं विनापरवाना शस्त्र. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला कमीत कमी दोन आणि जास्तीत जास्त पाच वर्षं शिक्षा आहे. भावोजींचा परवाना जाईल तो वेगळाच. "पण वडिलांचंच आहे ना," असं ताई तीनदा म्हणाली. तीनदा मी तेच सांगितलं.

तिचा स्वतःचा काढायचा म्हटलं तर वय २१ पूर्ण लागतं, ते आहे. पण मुंबईत अर्ज पोलीस आयुक्तांकडे जातो, जिवाला धोका काय आहे ते दाखवावं लागतं, पोलीस चौकशी होते, शस्त्र हाताळण्याचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. ‘रात्री उशिरा येते’ एवढ्यावर परवाना मिळालेलं गिऱ्हाईक माझ्या काउंटरवर कधी आलं नाही.

आता पर्स. इथे मी जरा थांबणार आहे, कारण अख्ख्या मेसेजात सगळ्यात घातक ओळ हीच आहे.

बुधवारी संध्याकाळी मी मुलुंडला गेलो. आईचा जुना पितळी अडकित्ता ताईकडे आहे, चांगला वजनदार. तो भाचीच्या रोजच्या पर्समध्ये टाकला, चेन लावली, पर्स तिच्या खांद्याला दिली. मी दाराशी उभा राहिलो, ती खिडकीपाशी. तिला म्हटलं, मी निघालो की अडकित्ता बाहेर काढायचा. मी धावलोसुद्धा नाही, चालत गेलो. तिच्यापुढे पोचलो तेव्हा तिने चेन अर्धी उघडली होती. "थांब मामा, काढते," म्हणाली. मी मोजत राहिलो. आधी डबा आला, मग ओढणीचं टोक, मग चार्जरची वायर अडकित्त्याच्या दांड्यांत गुंतलेली. नवव्या आकड्याला अडकित्ता बाहेर आला, तोही उलटा. दुसऱ्यांदा तिला ठाऊक होतं काय करायचंय, तरी सहा आकडे गेले.

हे घरात, दिव्याच्या उजेडात, मामा समोर असताना. अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीच्या पोलीस दलातल्या डेनिस ट्यूलर या सार्जंटने १९८३ मध्ये मोजून लिहून ठेवलंय की २१ फूट अंतर माणूस साधारण दीड सेकंदात कापतो. आपल्या लोकलच्या डब्यात समोरच्याशी २१ फूट कुठून येणार? दादरला चढताना २१ इंच मिळत नाहीत.

आणि पर्स जाते. मुंबईत राहणाऱ्याला हे सांगावं लागू नये. फटका गँग हातावर दांडका मारून मोबाइल पाडते, गर्दीत पर्स ब्लेडने कापली जाते, कधी आपणच रॅकवर ठेवून उतरतो. अंगावरचा होल्स्टर, म्हणजे कमरेला लावायची शस्त्राची खोळ, असा जात नाही. पर्स गेली तर भरलेलं शस्त्र चोराच्या हातात गेलं, आणि पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न परवानाधारकाला.

‘गोळ्या भरूनच ठेवा’ हे वाचून तर अंगावर काटा येतो. पर्समध्ये किल्ल्या असतात, पेन असतं, कंगवा असतो. चाप झाकणारं काही नसलं तर यातलं काहीही चापाभोवतीच्या कडीत शिरू शकतं. जुन्या रिव्हॉल्वरमध्ये घोड्याखालच्या, म्हणजे काडतुसावर आपटून गोळी उडवणाऱ्या मागच्या खटक्याखालच्या, घरात काडतूस असेल आणि पर्स फलाटावर आपटून दणका घोड्यावर बसला, तर चाप न ओढताही गोळी सुटू शकते. म्हणून जुने लोक ते एक घर रिकामं ठेवायचे. हे सगळं पुस्तकी वाटत असेल तर १ ऑक्टोबर २०२४ आठवा. पहाटे, जुहूच्या घरात, अभिनेते गोविंदा यांच्या स्वतःच्या परवान्याच्या रिव्हॉल्वरमधून गोळी सुटली आणि त्यांच्याच पायात शिरली. ते कपाटात ठेवताना हे झाल्याचं तेव्हा सांगितलं गेलं. समोर चोर नव्हता, झटापट नव्हती, धावती लोकल तर नव्हतीच.

कायदा काय म्हणतो? २०१६ च्या शस्त्र नियमांत सार्वजनिक जागी हातशस्त्र कसं न्यायचं ते लिहिलंय. होल्स्टरमध्ये किंवा तशाच बॅगेत, पूर्ण झाकलेलं, आणि बाळगणाऱ्याचा त्यावर प्रत्यक्ष ताबा हवा. बॅगेचा उल्लेख आहे, हे मान्य. कोणीतरी तेवढाच शब्द उचलणार हेही मला माहीत आहे. पण ताब्याची अट त्याच नियमात आहे, आणि नऊ आकडे मोजून बाहेर येणाऱ्या वस्तूवर ताबा आहे असं मी तरी म्हणणार नाही. त्याच नियमांत सार्वजनिक जागी शस्त्र परजायला, म्हणजे नाचवून दाखवायला, सक्त मनाई आहे. तेव्हा ‘नुसतं दाखवलं की पुरे’ हा मुद्दा इथेच संपला.

आता आकार. मेसेजचा मूळ विषय हाच, आणि नेमका इथेच लिहिणाऱ्याने आयुष्यात कधी चाप ओढला नसावा असं दिसतं.

छोट्याला धक्का कमी? उलट आहे. काडतूस तेच असेल तर हलकं शस्त्र जास्त उसळतं. सातशे ग्रॅमच्या रिव्हॉल्वरऐवजी पाचशे ग्रॅमचं घेतलंत तर हाताला बसणारी धक्क्याची ऊर्जा १.४ पट होते. शाळेतल्या भौतिकशास्त्राचं गणित आहे, त्याला बंदूकवाला लागत नाही. .३२ ला मुळात धक्का फार नाही, म्हणून हेही एक वेळ सोसता येईल. खरी अडचण चापाची आहे. घोडा आधी न चढवता रिव्हॉल्वर चालवायचं तर चापाला पाच किलोच्या आसपास जोर लागतो, कधी त्याहून जास्त. म्हणजे अर्ध्या किलोची वस्तू हातात हलू न देता एका बोटाने पाच किलो ओढायचं. मूठ आखूड असेल तर करंगळी हवेत लोंबते, आणि पकड घट्ट ठेवते ती खालचीच बोटं. छोट्या पिस्तुलांचं आणखी एक. त्यांची वरची स्लाइड, म्हणजे गोळी चढवायला मागे ओढायचा सरकता भाग, ओढायला बहुतेक वेळा मोठ्यापेक्षा जड असते, कारण आत स्प्रिंग कडक घालावी लागते. काउंटरवर नवी गिऱ्हाइकं सगळ्यात लहान पिस्तूल उचलायची आणि स्लाइड ओढताना त्यांचे अंगठे पांढरे पडायचे.

नेमाचंही तसंच. पुढची माशी आणि मागची खाच यांत १० सेंटिमीटर अंतर असेल आणि हात एक मिलिमीटर चुकला, तर सात मीटरवर गोळी सात सेंटिमीटर सरकते. अंतर १५ सेंटिमीटर असेल तर पावणेपाच. छोटं पिस्तूल चुका मोठ्या करतं. ते सरावलेल्या हाताचं शस्त्र आहे, आणि मेसेज ते पहिल्यांदाच धरणाऱ्या बाईच्या हातात देतोय.

‘आखूड नळी लपते’ हे ऐकायला बरोबर वाटतं. कमरेला लावून बघा. नळी पँटच्या आत खाली जाते, ती चार इंच असली काय आणि तीन असली काय, बाहेरून कळत नाही. शर्टाखाली टोक दिसतं ते मुठीचं. वाकलात की मूठच मागून वर येते. म्हणजे लपवायचंच असेल तर मुठीची लांबी आणि शस्त्राची जाडी बघायची, नळी थोडी लांब असली तरी चालते, उलट नेम सुधारतो. त्यातही आधी हात. तिन्ही बोटं मुठीवर बसतात का, बोटाचं पहिलं पेर ओढाताण न करता चापापर्यंत पोचतं का, हे हातात धरल्याशिवाय कळत नाही, फोटो बघून तर नाहीच. मग कडक पट्टा, चाप पूर्ण झाकणारा होल्स्टर. परवाना असलेल्या माणसाने आकार या क्रमाने निवडावा.

सरकारने खास बायकांसाठी छोटं रिव्हॉल्वर काढलंय, असंही मेसेजात आहे. ते खरं आहे. कानपूरच्या आयुध निर्माणीने २०१४ मध्ये ‘निर्भीक’ काढलं, .३२ बोअर, पाचशे ग्रॅम, किंमत तेव्हाच सव्वा लाखाच्या आसपास. पण ते घ्यायलाही परवाना तोच आणि चाप ओढायला बोटही तेच.

आणि एक गोष्ट मला मान्य करावीच लागते. फार मोठं, जड शस्त्र माणूस चार दिवस लावतो आणि पाचव्या दिवशी तिजोरीत ठेवतो. भावोजींचं तेच झालंय. मुंबईच्या घामात किलोभर लोखंड पोटाशी बांधून दिवस काढणं सोपं नाही. पावसाळ्यात आमच्याकडे सफाईला यायची त्या रिव्हॉल्वरांवर, अंगाला लागणाऱ्या बाजूला, बोटाने घासलं की तांबूस पूड निघायची. दुसरी बाजू काळीभोर, चकचकीत. तेव्हा जवळ बाळगता येईल एवढं हलकं हवं, हे मेसेजातलं अर्धं खरं आहे. त्यातून ‘सगळ्यात छोटं’ कसं निघालं ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

राहिला ‘छोट्या गोळीने माणूस मरत नाही’ हा मुद्दा. ३० जानेवारी १९४८ ला बिर्ला हाउसमध्ये गांधीजींवर झाडलेल्या तीन गोळ्या ज्या बेरेटा पिस्तुलातून निघाल्या, ते साधारण १५ सेंटिमीटर लांबीचं, खिशात मावणारं होतं. १९६८ मध्ये रॉबर्ट केनेडी गेले ते .२२ च्या रिव्हॉल्वरने, म्हणजे बाजारात मिळणाऱ्या सगळ्यात बारीक काडतुसांपैकी एकाने. तीच .२२ ची गोळी मोकळ्या मैदानात दीड किलोमीटरच्या पुढे जाऊ शकते. चाळीतल्या प्लायवूडच्या पार्टिशनला ती काय जुमानणार? पलीकडे कोणाचं तरी मूल झोपलेलं असतं. आणि जखमी केलं तर केस होत नाही, हे कुणी सांगितलं? भारतीय न्याय संहितेचं कलम १०९, म्हणजे पूर्वीचं ३०७, खुनाचा प्रयत्न. त्यात समोरचा मरावा लागत नाही. स्वसंरक्षणाचा हक्क कायद्याने दिलाय, पण गरजेपुरताच, आणि गरज किती होती ते नंतर कोर्टात ठरतं.

भाचीशी नंतर बोललो. तिने सांगितलं की तिला भीती डब्यात वाटतच नाही. स्टेशनबाहेर, रिक्षा मिळेपर्यंतची दहा मिनिटं तेवढी वाटते. हे तिला आजवर कोणी विचारलंच नव्हतं. आता नाइट असली की भावोजी स्वतः स्कूटर घेऊन येतात. पोलिसांचा महिलांसाठीचा १०३ आणि रेल्वेचा १३९ हे दोन मदतीचे नंबर तिच्या फोनमध्ये वरच ठेवून दिलेत. रिव्हॉल्वर तिजोरीत आहे, काडतुसं वेगळ्या कप्प्यात, किल्ली भावोजींच्याच खिशात.

ताईने तो मेसेज अकरा जणींना पाठवला होता. तिच्या भिशीतल्या बायका, दोन नणंदा, आणि भाचीच्या वॉर्डातल्या सिस्टर. हे मी लिहून झालं की त्याच अकरा जणींना पाठवायचं तिने कबूल केलंय.