हँडब्रेकची केबल घरी बदलावी का? सांगलीच्या दादांना उत्तर

दादा, तुमची प्रतिक्रिया रात्री वाचली, सकाळी पुन्हा वाचली. ज्यांच्या नजरेतून ती सुटली त्यांच्यासाठी थोडक्यात: माझ्या जुन्या गाडीच्या हँडब्रेकच्या दोन्ही केबल मी घरी बदलल्या, त्यावर लिहिलं. तुम्ही सांगलीत वीस वर्षं गॅरेज चालवलंय आणि तुम्हाला ते लिखाण धोक्याचं वाटलं. ब्रेकचं काम हौशी माणसाचं नाही, चार पैसे वाचवायला कुणी गाडीखाली शिरू नये, माझ्यासारख्यांमुळे मेकॅनिकच्या पोटावर पाय येतो, आणि उतारावर सुटलेली गाडी समोर लेकरं आहेत म्हणून थांबत नाही, असं तुम्ही लिहिलंत.

शेवटचं वाक्य मला लागलं. मी साताऱ्यात माची पेठेत राहतो, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला. आमच्या बोळात लिंबू खाली पडलं तर ते वळणापर्यंत जाऊनच थांबतं, आणि त्याच वळणावर संध्याकाळी पोरं क्रिकेट खेळतात.

म्हणून आधी माझी चूक. काम झाल्यावर मी गाडी आमच्या नेहमीच्या मेकॅनिककडे तपासायला नेली होती, हे लेखात लिहिलंच नाही. त्यांनी चाकामागे हात घातला आणि डाव्या केबलचं टोक माझ्यासमोर हलवून दाखवलं. ड्रम म्हणजे मागच्या चाकाचा ब्रेक ज्या लोखंडी वाटीत असतो ती. तिच्यामागच्या पत्र्याच्या भोकात केबलच्या बाहेरच्या नळीचं टोक बसतं आणि त्याच्या पाकळ्या आतून उघडून अडकतात. माझ्याकडून एक पाकळी अडकलीच नव्हती. वरून बघितलं तर सगळं जागच्या जागी, पण आठ-पंधरा दिवसांत नळी सरकली असती आणि ते चाक धरायचं बंद झालं असतं. ही गोष्ट लेखात सगळ्यात वर हवी होती. आता तिथे टाकली आहे, आणि ‘दोन तासांचं काम’ हे शब्द काढले आहेत.

पण मी या कामात हात का घातला तेही ऐका. हँडब्रेक सैल झाला म्हणून गाडी दोनदा एका गॅरेजला दिली होती. दोन्ही वेळा त्यांनी लिव्हरखालचा, केबल ताणणारा नट आवळून दिला. चार खटक्यांत लिव्हर घट्ट, मीही खूश. मग एकदा लिंब गावाला जाऊन आलो, सगळा सपाट रस्ता, आणि घरी आल्यावर उजव्या मागच्या चाकाजवळ हात नेववेना इतकं ते तापलं होतं. डावं मात्र गार.

तुम्हाला हे सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो. लिव्हर एका आडव्या पट्टीला ओढते, आणि त्या पट्टीच्या दोन टोकांना दोन केबल असतात, एकेका चाकाची. माझी डावी केबल आत गंजून जाम झाली होती. लिव्हर ओढली की पट्टी तिरकी व्हायची, उजवी केबल सगळी यायची आणि डावी जागची हलायची नाही. हाताला मात्र लिव्हर छान घट्ट लागायची. हँडब्रेक घट्ट लागतो म्हणजे दोन्ही चाकं धरतात असं मुळीच नाही. त्यात नट आवळल्यामुळे उजवे लायनर, म्हणजे ड्रमला आतून दाबून चाक धरणारे ब्रेकचे तुकडे, लिव्हर सोडली तरी घासत राहिले. लायनर झिजले असतील तर आधी ते ॲडजस्ट करायचे आणि केबल शेवटी. केबलच ताणून ठेवली तर ड्रममधली आपोआप ॲडजस्ट होणारी व्यवस्थाही काम करेनाशी होते.

जुनी डावी केबल मी सोडवली आणि पकडीत धरून ओढली. आधी काहीच नाही, मग बोटभर तार बाहेर आली आणि तिच्यासोबत ओल्या विटेच्या चुऱ्यासारखा गंज. मागच्या ॲक्सलजवळ जिथे केबल वळते, तिथे वरचं प्लॅस्टिक चिरलं होतं. साताऱ्याचा पाऊस तिथून किती वर्षं आत मुरत होता कुणास ठाऊक. गाडीखाली शिरलो नसतो तर मी तिसऱ्यांदा नट आवळून घेतला असता.

आता कुणी करावं आणि कुणी नाही. इथे माझं मत तुमच्यापेक्षा वेगळं आहे. पाने फिरवता येणं ही नंतरची गोष्ट, पहिला प्रश्न जागेचा. माझ्या दारात सपाट जमीन नाही, म्हणून मी माझ्या दारात हे काम केलं नाही. गोडोलीत मेहुण्यांच्या काँक्रीटच्या अंगणात केलं. हँडब्रेकचंच काम असल्यामुळे तो सोडलेलाच असतो, म्हणजे गाडीला धरून ठेवायला पुढची चाकं तेवढी राहतात. त्यांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावले, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवली, मागे दोन घोड्या, म्हणजे गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड, लावल्या. गाडीसोबत मिळतो तो जॅक स्टेपनी बदलण्यापुरता आहे. त्याच्या भरवशावर गाडीखाली शिरायचं नाही. सपाट जागा आणि घोड्या नसतील तर विषय तिथेच संपला, गाडी गॅरेजला द्या.

ड्रमचा मधला नट मात्र मी पुन्हा स्वतः खोलणार नाही. माझ्या गाडीत तो नेमक्या जोराने आवळावा लागतो, बेअरिंग त्यावर असतं, आणि तसा मोजून आवळणारा पाना माझ्याकडे नाही. आणि ज्यांच्या गाडीत बटणाचा हँडब्रेक आहे त्यांनी मागच्या चाकांना हातच लावू नये. तिथली मोटर बहुतेक गाड्यांत स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र, लावून आधी मागे घ्यावी लागते.

तपासणी मी अशी केली. मागची चाकं वर असतानाच लिव्हर सोडून दोन्ही चाकं हाताने फिरवली, घासायला नकोत. मग एकेक खटका ओढत प्रत्येक वेळी दोन्ही फिरवून पाहिली. दोन्ही एकाच खटक्याला जड व्हायला हवीत. त्यानंतर खाली मोकळं मैदान असलेल्या हलक्या उतारावर हँडब्रेक ओढून, न्यूट्रल करून, पाय ब्रेकवर तयार ठेवून गाडी धरते का ते पाहिलं. घाटात हा प्रयोग कुणी करू नये.

पोटावर पाय येण्याबद्दल. मेकॅनिकना मी तपासणीचे पैसे दिले. ते घेत नव्हते, ‘बघायचे कसले पैसे’ म्हणाले. मला वाटतं बघण्याचेच पैसे द्यायला हवेत. ती पाकळी त्यांच्या बोटांना कळली, माझ्या डोळ्यांना दिसली नाही. तुमच्यासारख्या माणसाने वीस वर्षांत बोटांत जे साठवलंय, त्याची किंमत नट आवळण्याच्या मजुरीत धरली जाते, याचं मला खरंच वाईट वाटतं.

एक विनंती आहे. पावसाळ्यात रात्रभर हँडब्रेक ओढून ठेवल्यावर सकाळी लायनर ड्रमला चिकटलेले असतात, तेव्हा तुम्ही गाडी कशी सोडवता ते सविस्तर लिहून पाठवाल का? मी ते तुमच्या शब्दांत इथे छापेन. सध्या मी गाडी चढाकडे तोंड करून लावतो, पहिल्या गिअरमध्ये, पुढची चाकं उजवीकडे वळवून, म्हणजे मागे सरकलीच तर डावं टायर फुटपाथच्या कडेला अडेल. आणि मागच्या चाकाखाली एक दगड असतो. तो शेजारच्या आजींनी दिलाय, कुणी उचलला तर त्या ओरडतात.